काका + मामा = मामाजी: अक्षरांची गणितं सोडवायची कशी, अगदी पहिल्यापासून

मागच्या महिन्यात भाचीने वही पुढे केली, त्यात आकडे नव्हतेच, नुसती अक्षरं एकाखाली एक लिहून बेरीज मांडली होती आणि खाली प्रश्न होता की प्रत्येक अक्षराच्या जागी कोणता अंक येईल. ती म्हणाली मामा, यात काही दिलेलंच नाही मग सोडवू काय? मला ही कोडी शाळेपासून प्रचंड आवडतात, त्यामुळे तिला जसं शेजारी बसवून सांगितलं तसंच इथे लिहितोय. गणित कच्चं असलं तरी चालेल, दोन आकडी बेरीज आणि दहापर्यंतचे पाढे येत असले की झालं.

आधी नियम, ते चारच आहेत. एका अक्षराला एकच अंक, कोड्यात ते जिथे जिथे येईल तिथे तोच. दोन वेगळ्या अक्षरांना वेगळे अंक. कुठल्याही संख्येची सुरुवात शून्याने होत नाही, म्हणजे शब्दाचं पहिलं अक्षर 0 नसतं. आणि अंक 0 ते 9 असे दहाच, म्हणून कोड्यात दहापेक्षा जास्त वेगळी अक्षरं असतील तर ते कोडंच चुकलंय. मराठीत कोडं असेल तर अजून एक गोष्ट ठरवून घ्यायची, मात्रेसकट पूर्ण अक्षर एक धरायचं, म्हणजे का वेगळा, की वेगळी, कू वेगळा, आणि जोडाक्षर असेल तर तेही एकच अक्षर. काकू म्हणजे दोन आकडी संख्या, दिवाळी म्हणजे तीन आकडी.

कागदावर काय मांडायचं तेही सांगतो कारण निम्मे लोक इथेच अडकतात. कोडं मोठ्या अक्षरात, रकाने सोडून लिहा, एककाखाली एकक, दशकाखाली दशक. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर हातच्यासाठी एक छोटी चौकट मोकळी ठेवा, भले तिथे काय येणार ते आत्ता माहीत नसेल. आणि बाजूला 0 1 2 3 4 5 6 7 8 9 अशी पट्टी लिहून ठेवा, अंक वापरला गेला की त्यावर काट मारायची. पेन्सिल वापरा, पेन नको.

आता पहिलं कोडं.

काका
+ मामा
= मामाजी

बघा, दोन आकडी अधिक दोन आकडी आणि उत्तर तीन आकडी. दोन आकडी सगळ्यात मोठी संख्या 99, त्यामुळे दोन्ही मिळून 198 च्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे उत्तराचा पहिला अंक 1 सोडून दुसरा काही असूच शकत नाही. मा = 1. काहीही न करता एक अक्षर मिळालं. मग मामा म्हणजे 11 झाले. आता 11 मिळवून शंभर किंवा त्यापुढे जायचं तर काका किमान 89 हवेत, पण काका मध्ये दोन्ही अंक सारखे, मग 99 शिवाय पर्यायच नाही. 99 + 11 = 110. मामाजी 110, मा परत 1 आलाय तो बरोबर जुळतो, जी = 0. एकही अंदाज बांधला नाही आणि दुसरं उत्तर असू शकत नाही हेही त्याच ओघात सिद्ध झालं.

हीच या कोड्यांची मजा आहे. नवीन माणूस काय करतो, समजा हा 3 असेल, समजा तो 7 असेल असं करत सुटतो. आठ वेगळी अक्षरं असलेल्या कोड्यात असे अंक वाटायचे 18,14,400 प्रकार होतात, मिनिटाला एक तपासला आणि अजिबात झोपला नाहीत तरी 1260 दिवस लागतील. म्हणून अंक शोधत बसायचंच नाही, काय शक्य नाही ते खोडत जायचं, शेवटी जे उरतं ते उत्तर.

खोडायला सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे हातचा. दोन संख्यांच्या बेरजेत हातचा 0 किंवा 1 एवढाच असतो, कारण 9 + 9 आणि मागचा 1 धरला तरी 19 च होतात. तीन संख्या एकाखाली एक असतील तर हातचा 2 पर्यंत जातो. म्हणजे अक्षराला दहा पर्याय आणि हातच्याला फक्त दोन, मग आधी कोणाच्या मागे लागायचं ते तुम्हीच सांगा. मी कायम आधी हातचे ठरवायला बघतो, अक्षरं मागून आपोआप येतात.

काही खुणा डोळ्यांना सवयीच्या करून घ्या. रकान्यात एखादं अक्षर वरही आहे आणि खाली उत्तरातही तेच आहे, तर त्याच्या जोडीला जे आहे ते 0 असणार, किंवा मागून हातचा 1 येत असेल तर 9. एककाच्या रकान्यात मात्र मागून काही येत नाही, तिथे 0 च. एककात एकच अक्षर दोनदा असेल (आई + आई सारखं) तर उत्तराचा एकक सम येणार. आणि दोन संख्यांच्या बेरजेचं उत्तर एका आकड्याने लांब झालं तर तो पुढचा अंक 1, हे वर बघितलंच.

आता या सगळ्या खुणा एकत्र लागतात असं जगातलं सगळ्यात गाजलेलं कोडं घेऊ. हेन्री ड्यूडनी नावाच्या इंग्रज कोडेकाराने ते जुलै 1924 च्या स्ट्रँड मॅगझिनमध्ये दिलं होतं. सेंड + मोअर = मनी, म्हणजे अजून पैसे पाठवा. इंग्रजी अक्षरं आपण उच्चाराने लिहू.

एस ई एन डी
+ एम ओ आर ई
= एम ओ एन ई वाय

उत्तर पाच आकडी, म्हणून एम = 1. हजाराच्या रकान्यात एस + 1 + (आला तर हातचा) मिळून दहा किंवा जास्त व्हायला हवं, नाहीतर पुढे 1 जाणारच नाही. म्हणजे बेरीज 10 किंवा 11, आणि ओ हा 0 किंवा 1, पण 1 तर एमने घेतलाय, मग ओ = 0. इथपर्यंत सगळे येतात. पुढे एस 9 आहे की 8 हा प्रश्न. 8 असेल तर शतकातून हातचा आलाच पाहिजे, शतकात आहे ई + 0, त्यातून हातचा यायचा तर ई = 9 आणि मागून अजून एक 1, मग एन होतो 0, पण शून्य ओचा आहे. खोडलं. एस = 9, आणि शतकातून हजारात हातचा येत नाही.

शतकात ई + 0 = एन. दोन वेगळी अक्षरं सारखी होऊ शकत नाहीत म्हणून मागून 1 आलाच पाहिजे, म्हणजे एन हा ई पेक्षा एकाने मोठा. हे वाक्य वहीत मोठ्याने लिहून ठेवा, अंक अजून माहीत नाहीत पण नातं मिळालंय आणि ते अंकाइतकंच किमती आहे. आता दशक, एन + आर (+ हातचा) = ई आणि पुढे 1 जातो. एन म्हणजे ई + 1, ते घालून बघा, ई दोन्हीकडून उडतो आणि उरतं आर + हातचा = 9. हातचा नसेल तर आर 9, पण 9 एसचा. म्हणून हातचा आहे आणि आर = 8.

राहिले 2 ते 7. एककात डी + ई दहाच्या पुढे जातं आणि वाय किमान 2 (0 आणि 1 गेले) म्हणून डी + ई किमान 12. ई 7 असेल तर एन 8 होतो, तो आरचा. ई 6 असेल तर एन 7, मग डी ला 6 किंवा 7 लागेल, दोन्ही गेलेले. ई 5 घेतला तर डी 7, एन 6, वाय 2. ई 4 किंवा कमी असेल तर डी 8 च्या खाली चालतच नाही आणि 8 संपलाय. झालं.

9567 + 1085 = 10652.

बघा, शेवटच्या टप्प्यात आपण पर्याय तपासले, पण तेव्हा ते चारपाचच उरले होते. पर्याय तपासणं वाईट नाही, लवकर तपासायला घेणं वाईट. आणि तपासायला घेताना ज्या अक्षराचे सगळ्यात कमी पर्याय उरलेत तेच घ्या, प्रत्येक पर्यायासाठी वेगळी ओळ करा, एकाच ठिकाणी खोडून खोडून लिहिलं की कुठला हातचा कुठल्या पर्यायातला ते कळेनासं होतं.

उत्तर आलं की ताळा करायचा, आजोबा लोक करायचे तसाच नवाचा. प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज करत एक आकडी करा, 9 आला की 0 धरा. 9567 चे 27, म्हणजे 9, म्हणजे 0. 1085 चे 14, म्हणजे 5. 10652 चे 14, म्हणजे 5. 0 + 5 = 5, जुळलं. ताळा नाही जुळला तर नक्की चूक आहे, जुळला तर बहुतेक बरोबर (अंकांची अदलाबदल झाली असेल तर ताळ्यात दिसत नाही) म्हणून एकदा खरी बेरीजही करून टाका. वजाबाकीचं कोडं आलं तर ते उलटं करून बेरीज म्हणून लिहा, उसने घेण्यापेक्षा हातचा सांभाळणं सोपं जातं.

आता मी स्वतः बनवलेलं एक देतो, मला फार आवडतं ते.

दिवा
+ पणती
= दिवाळी

याची उत्तरं बरीच आहेत म्हणून प्रश्न असा की दिवाळी जास्तीत जास्त मोठी किती होईल? रकाने नीट लावा, दिवा दोन आकडी आहे म्हणून वा हा ती च्या डोक्यावर आणि दि हा ण च्या डोक्यावर येतो. शतकात प एकटाच आहे आणि खाली दि, दोघं वेगळे, म्हणून दशकातून 1 आलाच पाहिजे आणि दि हा प पेक्षा एकाने मोठा. दिवाळी मोठी हवी म्हणून दि = 9 घेऊन बघू, मग प = 8. दशकात 9 + ण + हातचा = 10 + वा, म्हणजे ण + हातचा = वा + 1. हातचा 1 असेल तर ण आणि वा सारखेच होतात, चालणार नाही. म्हणून हातचा 0 आणि ण हा वा पेक्षा एकाने मोठा.

वरून खाली या. वा 8 नाही, तो पचा. वा 7 असेल तर ण 8, तोही पचाच. वा 6 घेतला तर ण 7, एककात 6 + ती = ळी आणि हातचा जाऊ द्यायचा नाही, ती 0 ते 3 घालून बघा, ळी 6, 7, 8, 9 येतो आणि चारही अंक गेलेले आहेत. काय सुंदर कोंडी होते बघा! वा 5 घेतला तर ण 6, आणि ती 0 ते 4 मधे फक्त 2 चालतो, ळी 7.

95 + 862 = 957. म्हणून मोठ्यात मोठी दिवाळी 957 ची.

सगळ्यात छोटी दिवाळी किती ते तुम्ही काढा. एक इशारा देतो, वा कधीच 0 होऊ शकत नाही, का ते एककाच्या रकान्यात दिसेल.

गुणाकाराची कोडी लोकांना भीतीदायक वाटतात, आणि नोकरीसाठीच्या परीक्षांमध्ये, विशेषतः इंजिनिअरिंगची मुलं देतात त्या ईलिटमसमध्ये, नेमकी तीच येतात. तिथे हातचा 8 पर्यंत जातो त्यामुळे हातच्याच्या मागे लागून उपयोग नाही, एककाच्या मागे लागायचं. दोन गोष्टी पाठ करा. एक, स्वतःचा वर्ग केला तर एकक तोच राहतो असे अंक चारच, 0, 1, 5, 6. दोन, एखाद्या अंकाला दुसऱ्याने गुणलं आणि एकक पहिलाच राहिला, तर एकतर पहिला 0 आहे, किंवा गुणणारा 1 आहे, किंवा पहिला 5 आणि गुणणारा विषम, किंवा गुणणारा 6 आणि पहिला सम. बाकी काही शक्य नाही, पाढे म्हणून बघा.

उदाहरण घेऊ:

वन × वन = नयन

एककात न × न चा शेवट न. म्हणजे 0, 1, 5, 6 यातलाच. 0 नाही कारण नयन ची सुरुवातही न नेच होते. उत्तर तीन आकडी म्हणून वन 31 पर्यंतच. न 1 असेल तर वन 21 किंवा 31 (11 चालत नाही, व आणि न सारखे होतात), वर्ग 441 आणि 961, सुरुवात 1 ने नाही. न 5 असेल तर 15 आणि 25, वर्ग 225 आणि 625, सुरुवात 5 ने नाही. न 6 असेल तर 16 चा वर्ग 256, गेला, आणि 26 चा वर्ग 676. न 6, य 7, व 2. हे कोडं बनवताना 676 हा आकडा आणि नयन हा शब्द जेव्हा जुळले तेव्हा मी उठून घरात सगळ्यांना दाखवून आलो.

अजून एक पाठ करण्यासारखं. सारखी अक्षरं असलेले शब्द म्हणजे फुकटची माहिती असते आणि मराठीत असे शब्द ढिगाने आहेत. काका, बाबा, नाना हे सगळे 11 च्या पाढ्यात. कटकट, वटवट, पटपट हे सगळे 101 च्या पटीत, कारण कटकट म्हणजे कट गुणिले 101. तीन सारखी अक्षरं आली तर 111 ची पट, आणि 111 म्हणजे 3 × 37, त्या 37 ला विसरू नका. याचा उपयोग कोडं चुकीचं आहे हे पकडायलाही होतो. आजी + आजी = काका घ्या, बघायला गोड आहे पण उत्तरच नाही. दोन आजी सम, म्हणून का सम, काकांचं निम्मं केलं की 11, 22, 33 किंवा 44 येतं, म्हणजे आ आणि जी सारखे. संपलं. असं कोडं हातात आलं तर अर्धा तास घालवण्याआधी हे तपासा.

थोडं विषयांतर करतो. आपल्याकडे अक्षरांना अंक द्यायची जुनी पद्धत आहे, कटपयादी, तिच्यात क ट प य या चौघांचाही अंक 1. कर्नाटक संगीतात 72 मेळकर्ता रागांची नावं याच हिशोबाने बसवलेली आहेत, मेचकल्याणी मधला म 5 आणि च 6, उलटं वाचायचं म्हणजे 65, आणि तो खरंच 65 वा राग. पण तिथे तक्ता आधीच ठरलेला असतो आणि एका अंकाला बरीच अक्षरं असतात, त्यामुळे ते कोडं नव्हे, ती लक्षात ठेवायची युक्ती. आपल्या कोड्यात तक्ता प्रत्येक वेळी नवा आणि तो शोधणं हेच काम. काही मुलं ए म्हणजे 1, बी म्हणजे 2 असं धरून बसतात, ते तर अजिबात नाही.

स्वतः कोडी बनवायला मात्र नक्की घ्या, चार सोडवून जेवढं कळतं त्यापेक्षा एक बनवून जास्त कळतं. सुरुवात शब्दांपासून करा, ज्यात अक्षरं परत परत येतात असे शब्द निवडा, कारण अक्षरं रिपीट झाली नाहीत तर बंधनं कमी आणि उत्तरं भरपूर. वडा + पाव = मजा असं मी एकदा केलं होतं, ऐकायला झकास पण हातचा न घेताही ढीगभर उत्तरं निघतात. मग एकतर शब्द बदला, नाहीतर वर केलं तशी मोठ्यात मोठं किंवा छोट्यात छोटं अशी अट घाला. चांगल्या कोड्याला उत्तर एकच असतं आणि ते विचार करून मिळतं, यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं असं माझं मत आहे. नुसतं एकच उत्तर आहे पण शंभर पर्याय तपासल्याशिवाय मिळत नाही असं कोडं दुसऱ्याला देऊ नका.

सरावाला दोन देतो. काका + काकू = मामाजी, याला बरोबर तीन उत्तरं आहेत, तिन्ही काढा आणि चौथं का नाही तेही लिहा. आणि दुसरं, मजा × म = हाहाहा, याला एकच उत्तर, वर 37 विसरू नका म्हणालो ते याच्यासाठीच. भाचीने हे दुसरं रिक्षात बसल्या बसल्या, कागद न घेता सोडवलं.